आईचा कप

चर्चच्या ऑफिसबाहेर रांगेत माझ्यापुढे दोन कृष्णवर्णीय सख्ख्या बहिणी उभ्या होत्या. धाकटीच्या हातात दफनाचा अर्ज होता.

"ताई, गोऱ्या मालकीणबाईंनी मरताना लिहूनच ठेवलंय, मला तुमच्या आईशेजारी पुरा."

"कबरस्तानात भिंतीपलीकडे गोऱ्यांमध्ये त्यांची जागा राखलेली असताना?"

"हो ना. आईशेजारची जागा आपली, म्हणून आपली सही हवी."

"चाळीस वर्षं आईने त्यांचा स्वयंपाक केला. कधी समोर बस म्हणाल्या नाहीत."

"कपसुद्धा तिचा वेगळा, मागच्या खिडकीत पालथा. तो कपही त्यांच्या शवपेटीत ठेवायला सांगितलाय."

"आईचा कप? तो कशाला?"

"तेच कळेना. फादर म्हणतात, मन पालटलं असेल, स्वर्गात आईला स्वतःच्या हाताने चहा द्यायचा असेल."

"आणि तुला काय वाटतं?"

"कधी वाटतं, तसंच असेल. कधी वाटतं, तिकडेही आईने त्यांच्या कपाला तोंड लावू नये म्हणून बरोबर नेतायत."

"सही करून टाक. कप मात्र परत मागून घे."

"अगं, पण खरंच चहा द्यायचा असला तर?"

"मग देतील की स्वतःच्या कपातून."