गाय मेली त्या दिशीची स्तुती

माजं नाव मार्था, पर गावात समदे मला मारतीच म्हनत्यात. माहेर तलवाड्याकडचं, आज्याच्या वक्ताला आमचं घर येशूच्या मार्गात आलं, आन लगीन होऊन आले ती गेवराईच्या अलीकडं एका वस्तीवर, तिथं किरिस्ताव म्हनून आमचं एकच घर. एकच घर असलं का मानूस कसं ऱ्हातं, काय सांगू तुमाला, कुनी नुसतं नाव इचारलं तरी काळीज हालतं.

दुष्काळाचं साल होतं. मालक पुन्याला कामाला गेलते, आन मी आन माजी सासू, आत्या म्हनायचे मी तिला, आमची एक गाय घेऊन सोसायटीच्या चारा छावनीत गेलतो. माळावर हिरव्या जाळीचे मांडव, जनावरापाशीच मानसं ऱ्हायची. आन आत्याचं कसं, दिवस मावळला का गाईजवळ बसायची आन टाळ्या वाजवून देवाची स्तुती गायची, मोठ्यानं. मला घाम फुटायचा. कुनाचं लेकरू तापलेलं, कुनाचा बैल बसलेला, आन ही म्हातारी धन्यवाद म्हनती. समदी वळून बघायची.

एक दिवस बापूराव आले, सोसायटीचे चेअरमन, छावनी त्यांच्याच हातात. म्हनले, मावशी, आभाळात ढग न्हाई, हिरीत पानी न्हाई, तुमी कशाचा धन्यवाद म्हनता? आत्या म्हनली, बाबा, पावसाचा न्हाई, तो देव हाय म्हनून. दिलं तर ग्वाड बोलायचं आन न्हाई दिलं तर तोंड फिरवायचं, मग त्याला देव कावून म्हनायचं, दुकानदार म्हनावं. बापूराव हासले न्हाईत. म्हनले, लोकं लई तापलेत मावशी, काय इपरीत झालं तर माज्याकडं येऊ नका. एवढं बोलून ते गेले. मी आत्याचे पाय धरले, म्हनलं मनात म्हना की, देवाला ऐकू येतंच ना. ती म्हनली, त्याला येतंय गं, मला येत न्हाई. माजं मन भिऊन त्याला इसरू नी म्हनून मोठ्यानं म्हनते.

मग गाईनं रवंथ सोडला. डॉक्टर आले, पोट चाचपलं, म्हनले पलाष्टिकच्या पन्न्या गेल्यात पोटात, उपाशी जनावर काय बी खातं. आन एका सकाळी बघितलं तर पाय ताठ. ट्रॅक्टरला बांधून वढत नेली, आत्यानं तिकडं बघितलंच न्हाई.

त्या दिशी दिवस कलला तसं मला उमगलं, समदी छावनी आमच्याकडं बघतीय. बाया चुली सोडून उब्या. गायली तर म्हनतील हिला लाज न्हाई, न्हाई गायली तर म्हनतील सपला हिचा देव. आत्यानं हात उचलले आन आवाजच निघंना, नुसते ओठ हालायले. बापूराव मांडवाच्या खांबाला धरून उभे. काय झालं सांगता येत न्हाई बघा, मीच टाळी वाजवली. टाळीला टाळी लागंना. देवा तू चांगला हाईस, देवा तू चांगला हाईस, एवढंच, पुढचं यादच येईना. भेव गेलं म्हनाल तर न्हाई गेलं, उलट वाढलं, पर त्या भेवाच्यावर कुनीतरी हाय एवढं कळलं. मग आत्याबी घोगऱ्या आवाजात माज्यात मिसळली.

कुनी मारलं न्हाई. बाया परत चुलीकडं वळल्या. दुसऱ्या दिशी बापूराव खाली बघून म्हनले, मावशी, जनावर न्हाई तर छावनीत जागा देता येत न्हाई, नियमच हाय. आमी बोचकं बांधलं. शेजारच्या मांडवातली कौसाबाई, कवा आमच्याशी शब्द बोलली न्हवती, ती हायवेपस्तोर संगं आली. म्हनली, काल तुमी गायलात तवा मला लई भेव वाटलं बाई, तुमच्यासाठी.

आत्या आता न्हाई. मालक परत आलेत, ऐतवारी घरातच आमी प्रार्थनेला बसतो. औंदाबी ढग न्हाई, आन स्तुतीच्या येळंला दार लावावं का उगडं ठिवावं, हा इचार पडतोच मला. उगडं ठिवते. भेव वाटतं, तरी ठिवते. देव तुमालाबी सांबाळो, तुमच्या लेकराबाळांना सांबाळो.