वांग्याच्या लेखाखालच्या चार ओळी

गिरजाबाई : रुपा, अवं रडणं थांबव आंधी! कोण गेलं ते तर सांग... कोण? अवं, तुहे भाऊजी माह्या समोर बसून चहात टोस बुडवून राह्यले! हॅलो? रुपा? ...ठेवला तिनं फोन.

उत्तमराव : काय म्हणे तुही बहीण?

गिरजाबाई : तुमी मेले म्हणते.

उत्तमराव : कवा?

गिरजाबाई : मले काय पुसता? मोबाइलवर छापून आलं म्हणे. पिठलं-भाकर बांधून किन्हीराजाच्या फाट्यावर उभी आहे, यष्टीची वाट पाहत.

उत्तमराव : मंग येऊ दे नं. तिच्या हातचं पिठलं चांगलं असते. आन मरणाची बातमी खोटी निंगाली का आयुष्य वाढते म्हणतात.

गिरजाबाई : तुमी चूप बसा. मेलेल्या माणसानं एवढं बोलू नये. पल्लवे! ए सूनबाई! ते रोपं सोड आन इकडं ये. काय छापलं तू मोबाइलवर?

पल्लवी : काय म्हणजे, आत्याबाई... तुमच्या वांग्याच्या बीचा लेख. तुम्ही सांगितला, मी लिहिला, शेतीच्या वेबसाइटवर टाकला. तुम्हाला वाचून दाखवला होता की.

गिरजाबाई : त्यात हे मेले नव्हते.

पल्लवी : लेखात नाही. लेखाच्या खाली. खाली चार ओळी असतात, लेखिकेची ओळख. माणूस लेख वाचतो आणि मग खाली पाहतो, हे सांगणारी बाई कोण, हिचं का ऐकावं? पटलं तर रोपं मागवतो, नाही तर निघून जातो. सगळा धंदा त्या चार ओळींवर आहे.

गिरजाबाई : वाच त्या चार ओळी.

पल्लवी : आत्ता?

गिरजाबाई : नाही, तेराव्याले वाचजो. वाच!

पल्लवी : “गिरजाबाई, रिठद. पतीच्या निधनानंतर या निरक्षर माउलीने एकटीने मळा उभा केला. पस्तीस वर्षांपासून घरचे बी राखतात. रोपांसाठी फोन करा.”

गिरजाबाई : अवं माय! जित्त्या नवऱ्याची विधवा केलं मले! हे माह्या कपायावरचं कुंकू दिसलं नाही तुले? आन निरक्षर कोणाले म्हणतं? तिसरी पास आहो मी! चवथीचा मास्तर बदली करून पयाला, त्याले मी काय करू? तुह्या माहेरी हेच शिकवलं का, सासऱ्याले मारून रोपं इकाचे?

पल्लवी : आत्याबाई, निरक्षर माझं. ती माझी चूक. पण निधन माझं नाही.

गिरजाबाई : मंग कोणाचं?

उत्तमराव : तिले नको बोलू. मीच सांगतलं तिले. म्हणलं, मले मारून टाक.

(गिरजाबाईच्या हातातून फोन खाली पडतो.)

गिरजाबाई : काय म्हणले?

उत्तमराव : पह्यले पोरीनं खरंच लिहिलं होतं. तुहं नाव, त्याखाली माहं. अकरा फोन आले. अकराही जण म्हणे, उत्तमरावले द्या. मले पुसत, भाऊ, बी कोणत्या तोड्याचं धरता, पह्यल्या का दुसऱ्या? मले कोठं मालूम! म्हणलं बाईले पुसा, तर म्हणे बाई काय सांगन, मालकाले द्या.

गिरजाबाई : तर सांगाचं होतं, मालकीण तेच आहे म्हणून.

उत्तमराव : तेच तर. रिसोडच्या बाजारात पस्तीस वर्षं वांगे इकले. सारे म्हणत, उत्तमरावचे वांगे. एकडाव तरी मी नाही म्हणलं का? चांगलं वाटे ऐकाले. आता वाटलं, मी मधात असलो का हिचं कोणी ऐकत नाही. मधातून निंगून जावं.

गिरजाबाई : आन गेल्यावर? आले मले फोन?

पल्लवी : चाळीसच्या वर आले, माझ्या मोबाइलवर. सगळे तुमच्याच नावानं. पण... अर्धे लोक आधी बिचारी म्हणतात, मग रोपं मागतात.

गिरजाबाई : बिचारी! म्हणजे माह्या वांग्याले नाही, माह्या उघड्या कपायाले पाहून नेऊन राह्यले. पुसून टाक ते. रुपा यष्टीतून उतराच्या आंधी पुसून टाक!

पल्लवी : पुसते. पण मग परत “मालकाला द्या” सुरू होईल, आत्याबाई. मी लिहू तरी काय?

गिरजाबाई : मी सांगतो ते लिह्य. गिरजाबाई. रिठद. तिसरी पास.

पल्लवी : तिसरी पास. पुढं?

गिरजाबाई : बियाच्या वांग्याले जुन्या लुगड्याची चिंधी बांधते. चिंधीच्या वांग्याले घरात कोणी हात लावत नाही. एका सालात नवऱ्यानं चिंधी सोडून ते वांगं बाजारात नेलं.

उत्तमराव : हे कायले लिहाचं?

गिरजाबाई : खरं आहे म्हणून. लिह्य, त्या साली बाहेरचं बी आणलं नाही. वर्षभर मळ्यात वांगं लावलंच नाही. दुसऱ्या वर्षी माहेरी दिलेलं माहंच बी परत आणलं, तवा लावलं.

पल्लवी : आत्याबाई, हे तर लेखापेक्षा भारी झालं. आणि फोन नंबर आधीसारखा माझाच ठेवू ना?

गिरजाबाई : नाही. यायचा टाक.

पल्लवी : मामाजींचा? अहो, ते मध्ये नकोत म्हणूनच तर एवढं सगळं...

गिरजाबाई : टाक म्हणतो नं. जो कोणी म्हणन मालकाले द्या, त्याले हे सांगतीन मालक कोण ते. काहो, सांगसान नं?

उत्तमराव : सांगीन. जित्ता आहो तवर सांगीन.