माशी आणि खाच

हॅलो?… हॅलो, कोण?… जरा मोठ्याने बोला, मिक्सर चालू आहे… हां, आता बंद झाला. बोला… हो, मीच… पिस्तूल?

नाही नाही, विकायचं नाहीये ते. कोणी सांगितलं तुम्हाला?… बरं, मग?… नुसती साईट? म्हणजे नेम धरायची ती मागची खाच?… अहो बाई, ते काय शर्टाचं बटण आहे, ह्याचं काढून त्याला लावायला?

एक मिनिट हं. अहो! दूध ठेवलंय गॅसवर, लक्ष असू द्या!… पेपर नंतर वाचा!… हां, बोला.

तुमचं कुठलं मॉडेल?… लाकडी मूठ, बाजूला हवा भरायचा दांडा… अच्छा. माझंही तेच. कंपनीने बंद करून अठरा वर्षं झाली त्याला. सुटे भाग तर त्याच्याही आधी संपले… तुम्ही जुनं घेतलंत ना, कोणाकडून तरी?… मग घेताना विचारायचं नाही का, ह्याचं औषधपाणी कुठे मिळतं म्हणून?

पण तुटली कशी?… स्कूटरवरून?… बॅगेसकट? अरे देवा. नळीला काही झालं नाही ना?… नशीब… हं… म्हणजे खाचेचा एक कान उडाला. उजवा की डावा?… उजवा. मग नेम कसला धरणार, खाच राहिलीच नाही, पायरी झाली ती.

नव्या मॉडेलची?… नाही बसत. दोन स्क्रूंमधलं अंतर वेगळं आहे… मोजलंत? किती?… बघा, दोन मिलिमीटरचा फरक. आपल्या ह्या खेळात दोन मिलिमीटर म्हणजे दोन गावांचं अंतर… दुसऱ्या कंपनीची उंच पडते. सगळे छर्रे टार्गेटच्या डोक्यावरून… तेही करून पाहिलंत? बरंच काय काय केलंत की.

शूटिंग रेंजवरच्या दुरुस्तीवाल्या काकांना विचारलंत?… हं. नवी घडवून देतो, महिना लागेल. त्यांचा महिना अडीच महिन्यांचा असतो, सांगून ठेवते.

माझ्याकडे?… सुटी?… छे हो. माझ्याकडे कुठली असायला.

मॅच कधी आहे तुमची?… परवा? म्हणजे रविवारी?… संघनिवडीची? अरे बापरे. आणि आज शुक्रवार. मग काल सराव कशाने केलात?… चिकटवलीत? कशाने?… त्या झटपट गमाने? अगं बाई गं!… सॉरी, 'अगं' निघालं तोंडातून… बरं, तूच म्हणते. अगं, तो गम स्क्रूच्या आट्यांत गेला असेल! आता तो स्क्रू जन्मात हलायचा नाही. आगीतून फुफाट्यात पडलीस तू.

काय करतेस काय तू? नोकरी?… दातांच्या लॅबमध्ये?… कवळ्या बनवतेस? (हसते) अगं, मग दिवसभर लोकांना दात बसवणारी तू, तुला एक खाच नाही घडवता आली?… घडवलीस? कवळीच्या मसाल्याची?… आणि?… तिसऱ्या छर्र्याला उडाली. हात्तिच्या! रंग तरी कुठला होता?… हिरडीचा गुलाबी! नाही, नाही, हसत नाही. बोल.

दुसऱ्या कोणाचं पिस्तूल घेऊन मार ना रविवारी… हं. मूठ. तुझ्या हाताच्या मापाने घासून घेतलेली… खरंय. दुसऱ्याच्या चपलेत पळण्यासारखं आहे ते.

वय काय तुझं?… एकेचाळीस. आणि सुरू कधी केलंस?… चौतिसाव्या वर्षी! शाब्बास. घरचे काय म्हणाले?… सासूबाई काय म्हणाल्या?… 'आता ह्या वयात नेम?' (हसते) माझ्या सासूबाई तर पाहुण्यांना सांगायच्या, सून शिवणाच्या क्लासला जाते म्हणून.

मागच्या वर्षी गेली होतीस निवडीला?… एका गुणाने?… एका?… हं. मला ठाऊक आहे तो एक गुण. आपल्याबरोबर घरी येतो, ताटाशेजारी बसतो, झोपू देत नाही… नाही, बोल, ऐकतेय मी… पुढच्या वर्षीपासून सुट्टी देणार नाहीत म्हणाले लॅबवाले. म्हणजे हीच वेळ.

बघ ना, मला काही सुचत नाहीये. दुसऱ्या कोणाला… काय?

काय म्हणाले काका?… माझ्याकडे आहे म्हणाले? माझ्या पिस्तुलावरची?… ह्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही… नाही, तुझ्यावर कशाला चिडू? त्यांच्यावर चिडतेय. आणि चिडतेय कसली… हो. आहे. शाबूत आहे. मघाशी नाही म्हटलं ते… तू 'सुटी आहे का' विचारलंस. सुटी नाहीये. लावलेली आहे. तसं बघितलं तर खोटं नाही बोलले मी… बरं बाई, अर्धं खोटं.

नुसती रविवारपुरती?… अगं ऐक ना. ऐक आधी. देण्या-न देण्याचं नंतर बघू. माझी खाच काकांनी कानशीने घासून रुंद केलेली आहे. तुझ्या पिस्तुलावर पुढे ती माशी आहे ना, ती पुढची पाती, ती बारीक असणार, कंपनीतून आली तशी. माझ्या खाचेत ती सैल पडेल. दोन्ही बाजूंनी नको इतका उजेड. मग माशी मधोमध आहे की नाही, कळणार कसं?… माझी माशीही जाड करून घेतलेली आहे, खाचेच्या मापाने. न्यायची तर दोन्ही न्यावी लागतील. नवरा-बायको आहेत ती. एकाला बोलावून भागत नाही.

रुंद कशासाठी म्हणजे… डोळ्यासाठी. वय झालं की कडेने उजेड जास्त लागतो… हो, दोन्ही काढली की माझं पिस्तूल आंधळं… हं… मग मी कशाने मारणार…

थांब. दार लोटून घेते.

आता ऐक. कोणाला बोलू नकोस. मी मारतच नाही गं… दोन वर्षं झाली. एक छर्रा मारलेला नाही… उजवा डोळा. मधोमध धूर आल्यासारखं दिसतं… मोतीबिंदू नाही, मोतीबिंदू असता तर काढून मोकळी झाले असते. आतला पडदा गेलाय. कडेचं सगळं दिसतं, पण जिथे बघावं नेमका तिथेच डाग. माशीकडे बघितलं की माशीच गायब… डाव्याने? केलं की! चार महिने मान वाकडी करून मारलं. मानेला पट्टा लागला शेवटी. आमच्या ह्यांना सांगितलं, उशी वाईट आहे. त्यांनी बिचाऱ्यांनी तीन उशा बदलल्या.

आणि तरी दर शनिवारी जाते. हे गाडीने सोडतात. मी पिस्तुलाची पेटी घेऊन ऐटीत आत जाते, काकांबरोबर चहा पिते, दुसऱ्यांच्या चुका काढते, दोन तासांनी पेटी घेऊन बाहेर… उघडतही नाही ती… काकांना ठाऊक आहे, बाकी कोणाला नाही. ह्यांनाही नाही… कशी सांगू? चाळीस वर्षं हा माणूस सगळ्यांना सांगत आलाय, आमच्या हिचा नेम बघा म्हणून… वाईट वाटतं गं. खूप वाईट वाटतं. आता साईट काढून दिली की झालं, संपलं. मग शनिवारी कुठल्या तोंडाने पेटी उचलू?

नाही नाही, तू कशाला सॉरी म्हणतेस? तू ठेवू नकोस फोन. मलाच… अहो! दार वाजवायचं की नाही?

कोणाचा म्हणजे… फोन आहे. रेंजवरची एक… हे काय आणलंत?… स्क्रूड्रायव्हर? तो बारीकवाला?

तुम्ही ऐकत होतात?… मी मोठ्याने बोलते? दार लोटलं होतं मी!… कुठपर्यंत ऐकलंत?… आधीपासूनच ठाऊक होतं? कधीपासून?… कोणी सांगितलं, काकांनी?… मग कशावरून?

अगं, आहेस ना?… हे काय म्हणतायत ऐक. म्हणतात, 'छर्र्यांचा डबा मीच आणून द्यायचो. महिन्याला एक लागायचा. दोन वर्षांत तू नवा मागितलाच नाहीस'… आणि तरी तुम्ही सोडायला येत होतात, दर शनिवारी?… 'तुला जायचं असायचं ना' म्हणतात…

नाही, रडत नाहीये… हो, रडतेय. रडले तर काय झालं?… अहो, दूध!… बंद केलंत? कधी नव्हे ते!

हां. तर आता नीट ऐक, लिहून घे. संध्याकाळी पाचला ये. पोस्टाच्या मागची गल्ली, तिसरा मजला, लिफ्ट बंद आहे. तुझं पिस्तूल घेऊन ये. आणि तो गमाचा घोळ. नेलपॉलिश काढायचं पाणी आहे घरी?… त्यात कापूस भिजवून आत्तापासून त्या स्क्रूवर ठेव. लाकडाला लागू देऊ नकोस, पॉलिश जाईल. पाचपर्यंत सुटेल बहुतेक. नाही सुटलं तर आमचे हे आहेतच, त्यांना अशी कामं फार आवडतात… हो म्हणतायत.

ती बाटलीही आण बरोबर… सांगते ना कशाला. माझ्या खाचेच्या वरच्या स्क्रूवर लाल रेघ आहे, नेलपॉलिशची. स्क्रू हलला तर कळावं म्हणून मारलेली. ती माझ्या डोळ्याची खूण आहे. आलीस की आधी ती पुसायची… पुसायची म्हणजे पुसायची! राहू दे कसलं? माझ्या खुणेवर नेम धरलास तर सगळे छर्रे दहाऐवजी सातच्या वर्तुळात जातील, मग बस रडत. उद्या दिवसभर रेंजवर बस, तुझा नेम बसव, आणि बसला की तुझी रेघ मार. रंग तुझा तू आण… गुलाबी? हिरडीचा? (हसते) मार बाई, गुलाबी मार.

परत?… नाही. परत आणून द्यायची नाही… संघात आलीस तरी नाही, नाही आलीस तरी नाही. आणि 'पैसे किती देऊ, किती देऊ' करू नकोस. पाचला वेळेवर ये, तेवढं पुरे.

बरं, एक विचारू? काका आणखी काय म्हणाले होते?… खरं सांग… 'पहिल्यांदा नाही म्हणतील, फोन ठेवू नकोस'? लबाड! बघतेच त्यांच्याकडे उद्या… हो, जाणार ना. शनिवार आहे. पेटी नाही नेणार. चहा तर आहे.

रविवारी?… येते की. हे सोडतील… तिथे माझ्यासारख्या बायकांसाठी मागे खुर्च्या असतात… दिसेल ना. डावा डोळा ठणठणीत आहे माझा. पण तू मागे वळून बघायचं नाहीस. अजिबात नाही. एकसष्ट छर्रे मारलेस तरी नाही… हो, मॅचला साठच असतात, मला ठाऊक आहे, तुझी परीक्षा घेतली.

तू माशीकडे बघ. तुझ्याकडे मी बघते… हं. ठेवते आता.