आजीच्या साक्षीने अठरा

"गाडीत आजी ताटकळलीय हो," असं म्हणून वेंडेल डुलुथच्या पोस्टात लोरेटाबाईंच्या पुढे घुसला होता. सोबत मित्र गॅरेट, हातात वही-पेन्सिल. शनिवारी गॅरेटच्या घरी टेबलाभोवती फाशांचा खेळ बसायचा; प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं, आणि त्या पात्राची ताकद फासे टाकून ठरायची. त्यात वेंडेलला गोडबोल्या ठगाचं सोंग घ्यायचं होतं. लोरेटाबाई ऐकत होत्या. रांगेत दुसरं करणार काय?

"नाव?" गॅरेटने वही उघडली.

"सिल्व्हेस्टर. ठग आहे, पण मनाने सोनं."

"हो, दुसऱ्याच्या खिशातलं. लोकांना भुलवायची ताकद किती?"

"अठरा."

"अठरा? म्हणजे तिन्ही फाशांवर सहा?"

"पडले बाबा! मी काय करू?"

"कुठे पडले?"

"घरी. स्वयंपाकघरात."

"वा! फासे सगळ्यांदेखत टाकायचे, हा नियम तुझ्यापुरता रद्द झाला वाटतं. पाहिलं कोणी?"

"आजीनं."

"वेंडेल, तुझ्या आजीला पुरून सहा वर्षं झाली. शवपेटीला खांदा दिलाय मी."

"म्हणून काय तिचं लक्ष नसतं?"

"आठ लिहितोय."

लोरेटाबाई खाकरल्या.

"काय रे, मग गाडीत बसलीय ती कोणती आजी?"

वेंडेल वळला. पापणीसुद्धा लवली नाही.

"तीच हो. मघाशीच म्हणाली, त्या निळ्या कोटातल्या बाई बघ. हा रंग सगळ्यांनाच नाही खुलत."

लोरेटाबाईंचा हात आपसूक कॉलरकडे गेला.

गॅरेटने पेन्सिल उलटी करून आठ खोडले.

"अठराच राहू दे."