गाडी बघितलीस की आईला?

हॅलो? मामा? … हो, मीच. … नाही रे, आईला नाही देत फोन. तुझ्याशीच बोलायचंय. एक प्रश्न आहे. मैत्रिणींनी पैज लावलीय की माझी हिंमत होणार नाही, म्हणून एका दमात विचारते. आमची गाडी तपासायला आलास, तेव्हा तू गाडी बघितलीस, की स्टिअरिंगवर बसलेल्या आईला बघून निकाल दिलास?

… हसू नकोस ना. … नाही, चेष्टा नाही.

… काय म्हणालास म्हणजे? "ताईचा पाय क्लचवर नीट पडत नाही, म्हणून गाडी थरथरते आणि सिग्नलला बंद पडते." तुझंच वाक्य. बाबांचं तर पाठ झालंय. त्या दिवसापासून किल्ली त्यांच्या खिशात, आणि आई दोन बस बदलून हॉस्पिटलला जाते. नाइट ड्यूटी करून आलेली नर्स बसमध्ये उभी, आणि गाडी खाली धूळ खात.

… हो, जुनी आहे. माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे, माहितीये. पण ऐक… ऐक तर. आज बाबांच्या खिशातून किल्ली काढून मी खाली गेले आणि ती सुरू केली. … चालवली नाही रे, फक्त सुरू केली. न्यूट्रलला. हँडब्रेक ओढला, बॉनेट उघडलं आणि बाहेर उभी राहिले. आत कोणी नाही. आणि गाडी थंडी वाजल्यासारखी थरथरतेय, काचेतून बघते तर इंजिनाच्या वेगाची सुई खाली-वर, खाली-वर. मग क्लच कोण दाबत होतं मामा, भूत?

… हं. काय काय तपासलं म्हणतोस?

… सांगते ना. आधी पाइप बघितले, कुठे फाटलेत का, हवा आत खेचतेय का. नव्हते फाटले. मग इंजिन बंद केलं, हवा मोजणाऱ्या सेन्सरचा प्लग काढला… हो, तोच, एअर फिल्टरच्या पुढे पाइपात बसतो तो… आणि परत सुरू केलं. सुई जागची हलली नाही. शांत. प्लग लावला, परत थरथर. काढला, शांत.

… कुणी शिकवलं? तूच. आत्याच्या लग्नात, त्या तुझ्या मित्राला सांगत होतास. सेन्सर हवा किती आली ते चुकीचं सांगतो, कॉम्प्युटर बिचारा त्या हिशोबाने पेट्रोल सोडतो, आणि इंजिनची तारांबळ उडते. मी तिथेच होते. तुला वाटलं मी फुगे मोजतेय.

… डॅशबोर्डवर दिवा लागला नव्हता? नसेल. सेन्सर पार मेला तर दिवा लागतो, थापा मारत असेल तर नाही लागत. हेही तूच सांगत होतास. … मग बिघाड वाचणारा स्कॅनर का नाही लावलास?

… "घरचीच गाडी." वा. म्हणजे बाहेरच्या गिऱ्हाइकाला स्कॅनर, आणि सख्ख्या बहिणीला चहा पिता पिता कोपऱ्यापर्यंत एक चक्कर.

… मला चिंगे म्हणू नकोस आत्ता.

मामा, तुला माहितीये का, चौकात बंद पडली तेव्हा मागचा ट्रकवाला काय काय बोलला तिला? तरी घरी येऊन गाडीलाच दोष देत होती. तू निकाल दिलास, आणि म्हणाली, माझंच चुकत असेल. माझी आई. जी कुणाचंही ऐकून घेत नाही. … हो, तुझं ऐकते. तेच तर.

आज संध्याकाळी गाडी बघायला माणूस येतोय. विकली तर ती परत स्टिअरिंगला हात लावणार नाही. म्हणून आत्ता बाबांना फोन कर आणि सांग, माझं चुकलं, ताईचं नाही. बास. एवढंच.

… नवा सेन्सर बसवशील, ठीक. … काय? "आत्ताच बिघडला" असं सांगायचं? … का? … बाबांसमोर तुझी काय किंमत राहील? आणि तिची?

… काय म्हणालास? … सुट्टीत तुझ्या गॅरेजात? … खरंच? पूर्ण सुट्टी? … इंजिन उघडायला देशील? नुसते पाने-पक्कड पुसायला नाही ना? … किती वर्षं मागे लागलेय मी तुझ्या…

… थांब. म्हणजे मी तोंड बंद ठेवायचं.

… "समजूतदार" म्हणतात होय याला?

… गिऱ्हाईक आलं? की आणलंस? … मामा, हो की नाही ते सांग. सांगणार आहेस का बाबांना? … हॅलो? … मामा?

ठेवला.

आई, जरा इकडे ये. बाबा, तुम्हीपण. … नाही, कुणाला काही झालं नाही. बसा. आई, तुझा पाय बरोबरच पडत होता. गाडीचा सेन्सर बिघडलाय. खाली चला, दाखवते. मामाला आता कळलंय, पण तो तुम्हाला सांगणार नाही, म्हणून मी सांगतेय. गाडी विकायची की ठेवायची ते आईला विचारा. माझं मी ठरवलंय. सुट्टीत मी मामाच्या गॅरेजात जाणार नाही. … हो बाबा, आत्ताच फोनवर तो "ये" म्हणाला. तरी नाही.