खोटा गंज

हाताने बनवलेल्या मॉडेलांच्या स्पर्धेत नाव नोंदवायची रांग होती. माझ्यापुढे एक बाप आणि त्याची लेक. लेकीच्या हातात लाकडी फळी, फळीवर हुबेहूब दलदल आणि दलदलीत उतरलेलं हातभर लांबीचं, गंजलेलं अंतराळयान.

“बत्तीस वर्षं बसडेपोत गंज खरवडला मी. आणि माझीच लेक चांगल्या नव्याकोऱ्या वस्तूला ब्रशने गंज फासते!”

“बाबा, हळू बोला. जुनं दिसायला हवं ते.”

“जुनं? माझ्या हाताखालून गेलेली गाडी वीस वर्षांनीही नवरीसारखी दिसायची.”

“हे यान चाळीस वर्षं परग्रहावर अडकून पडलंय. तशी गोष्टच आहे त्याची.”

“परग्रहावर म्हणजे या चिखलात?”

“हो.”

“पाऊस पडतो तिथे?”

“नाही. नुसती दलदल.”

“मग छप्पर कशानं गंजलं गं? ओल खालून चढते. आधी पाय सडतात, मग पोट. आणि तुझ्या यानाचे पाय बघ, आरशासारखे लखलखतायत!”

“परीक्षकांना नाही कळणार एवढं.”

“त्यांना नसेल कळत, मला कळतं ना! डेपोतल्या कुणी पाहिलं आणि विचारलं, ही लेक कुणाची, तर तोंड कुठे लपवू मी?”

“पुढचे कोण? या लवकर,” टेबलामागून हाक आली.

“रंगाची डबी आणलीयस ना? काढ. ब्रश दे इकडे. आणि अहो, तुम्ही व्हा पुढे. आमचं अजून नीट गंजलेलं नाही.”