मागची बॅटरी भरत न्हाई

—न्हाई न्हाई अझहरभाऊ, वर नका चढू, वर काय न्हाई. वर नुस्ती ती सोलरची काळी पाटी हाय, तिला कोन मेलं हात लावतंय? तुमी खाली बघा, हितं गाडीच्या मागच्या दारातनं, बाजल्याखाली पेटी हाय ना, त्यात हाय ती बॅटरी. पन ह्यांनी तर सांगितलं हुतं तुमी सांजच्याला येनार, मग भर दुपारी कसे उगवलात? —बरं बरं, शेवगावातच दुसरं काम हुतं. हे न्हाईत घरी. हे स्टँडवर. जन्मभर एस्टी चालवली, रिटायर झाले, तरी स्टँड सुटत न्हाई. रोज सकाळीच जेवायचं, बाकड्यावर जाऊन बसायचं, ड्रायव्हर-कंडक्टर गोळा करायचे आन सांगायचं, रामहरी निघाला कन्याकुमारीला! निघाले आपले. बाकड्यावरनंच निघाले. ही गाडी अजून गल्लीचं वळन वळली न्हाई.

टेम्पो म्हनायचं न्हाई बरं का हिला, राग येतो. मोटारहोम म्हनायचं. टेम्पोच हुता पन — जुना घेतला, आत घर केलं. पंखा काय, लाईट काय, एवढुसा फ्रीज काय, त्यात दोन लिंबं मावत्यात. इंजिनाची बॅटरी वेगळी, तिला काय धाड भरली न्हाई. ही मागची, घराची, ही भरत न्हाई. पंखा लावला की जरा फिरतो आन दमेकऱ्यावानी मान टाकतो. मी म्हनलं, घरातनं वायर वढा. तशी भरतीय की, पार वरपर्यंत! पन न्हाई — "जंगलात काय तुझ्या घरची वायर येनार हाय? ही उन्हावर भरंल तवाच मी हलनार." आता शेवगावात एक वेळ पान्याचा तोटा असंल, उन्हाचा कवा तोटा पडला? एक मेकॅनिक आला, म्हनला बॅटरी गेली. नवी घातली. दुसरा म्हनला तो मधला डबा गेला, कंट्रोलर का काय तो. तो बदलला. तिसऱ्यानं समद्या वायरी उचकटल्या, परत हुत्या तशा लावल्या, पोहे खाल्ले आन गेला. चौथे तुमी.

मीटर काय म्हनतंय? बॅटरी चांगली हाय? डबा बी चांगला? —वरनं काय येतच न्हाई? मीटर खोटं असंल भाऊ. जरा वाकून बघा, उंदरानं वायर खाल्ली असंल. आन वाकलातच तर ते बाजलं बी बघा. किती हायती? एकच ना? एक मानूस झोपंल एवढंच हाय ना? सुतारानं इचारलं बी हुतं ह्यांना, काकी कुठं झोपनार म्हनून. तर काय म्हनावं ह्यांनी? "तिला गाडी लागते." मला! गाडी लागते! आवो गाडीत बसवलंच कवा ह्यांनी, तर लागंल? रुपाली पोटात हुती तवा म्हायेराहून येताना एकदा उलटी झाली, ती एक उलटी ह्या मानसानं जन्मभर ध्यानात ठेवली. पोरीचा वाढदिवस ध्यानात न्हाई, उलटी ध्यानात हाय. एकदा मोहट्याला गेल्ते देवीला, ह्यांच्याच गाडीत. पाथर्डीपर्यंत उभी. हे पुढं स्टेरिंगवर, आरशात बघत्यात, मला वळखत्यात का न्हाई कोन जाने, आन कंडक्टर माझ्या अंगावर वरडतोय, वो बाई, पुढं सरका—

हाऽड! हाऽड मेल्या! —काय न्हाई, कावळा हाय. त्यांना काय, कुठं बी बसत्यात. हाऽड! तुमी बघा ना खाली, तुमी कशाला वर... वो भाऊ! वो अझहरभाऊ! शिडीवरनं उतरा, ती शिडी मोडकी... बघितलंत? आता बघितलंतच तर बघा. सांडगे हायती. मुगाचे. त्या पाटीवर लई झ्याक वाळत्यात, खालनं बी तापती ना ती. पह्यल्यांदा कुरडया टाकल्या तवा देवाशपथ मला ठाऊक नव्हतं. हे दुसऱ्या दिशी निघनार हुते, ब्याग भरली हुती, आन पंखाच लागंना. ब्याग घेऊन घरात आले, जेवले, पंख्याखाली झोपले, घोरले. मग माझ्या ध्यानात आलं, पाटी झाकली की बॅटरी उपाशी. मग पापड घातले. पापड सरले तर गोधडी टाकली. हे स्टँडवर गेले की चढायचं, यायच्या आत उतरवायचं. काय करू? एकट्याच्या बाजल्यावर हिंडायला निघालाय मानूस, वाटेत छातीत कळ आली तर पानी कोन देनार? फ्रीजमधली लिंबं?

ह्यांना सांगू नका. पाया पडते. बॅटरीच भिकार हाय म्हना, काय बी म्हना—

काय? परत बोला. —ह्यांनी फोनवर सांगितलं? समदं बघा, छपरावर तेवढं चढू नका? आमच्या ह्यांनी? तरीच! तरीच त्या तिघातला एक बी शिडीला शिवला न्हाई, आन मी म्हनते माझं नशीब! म्हंजे ठाऊक हाय त्यांना. परवा ताटात सांडग्याची भाजी वाढली तर मिटक्या मारीत म्हनले, "औंदा लई खमंग झालेत." मी आपली खूश! म्हंजे जायचंच न्हाई हो त्यांना. मागं घंटी मारायला कंडक्टर असला, पुढं डेपो असला की हा मानूस वाघ. एकट्यानं जायचं म्हनलं की मांजर. स्टँडवर मिशीला पीळ, आन घरी बॅटरी भरत न्हाई! नगरवरनं मेकॅनिक आनला, हे बी सांगायला झालं चार लोकांत. आन ह्या उन्हात टाळू भाजत शिडी कोन चढतंय? मी! माझ्या गुडघ्यांवर ह्यांची अब्रू! आरं बाबा, एकदा म्हनायचं हुतंस — भ्या वाटतंय, संगं चल. जीभ झडली असती का?

धरा ती शिडी. तुमी नका, मीच चढते, माझं रोजचंच हाय. हं, घ्या हे फडकं, चारी कोपरे धरा, सांडू नका. बघा आता मीटर. आलं? चढतंय ना? सांजपत्तुर भरंल? मग झालं तर. ह्यांना फोन करायचा न्हाई तुमी, खबरदार. मी जाते स्टँडवर. त्या समद्या ड्रायव्हर-कंडक्टरांच्या म्होरं सांगते — बॅटरी भरली, सकाळच्याला निघायचंय, म्होरल्या सीटवर मी बसनार. तोंड बघू दे मला त्यांचं. —हसताय काय? उचला ती हत्यारं, निघा. मला लुगडं बदलायचंय.